एका स्टिकरसम्राटास अनावृत पत्र

प्रति,
संस्थापक, सर्जक, मुख्य स्वप्नद्रष्टा आणि इतर जे काही व्हिजिटिंग कार्डावर असेल ते,
एक 'प्रीमियम' सायकल ब्रँड

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपल्या नव्या फिल्मबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. काय फिल्म आहे! ताम्हिणीचं धुकं आहे, वरून ड्रोन आहे, दाढीवरून ओघळणारा पावसाचा थेंब आहे. मध्येच एक कृष्णधवल वर्कशॉप येतं, तिथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, आणि पुढच्याच दृश्यात दिमाखात अवतरते ती आपली नवी कार्बनची फ्रेम. कार्बनला वेल्डिंग करत नाहीत, हे आपल्या दिग्दर्शकाला कुणी सांगितलं नसावं. आपल्याला तरी कुणी सांगितलंय की नाही, अशी शंका येऊन गेली. पण ठिणग्या छान दिसतात हे मान्य. शेवटी आपण स्वतः खिडकीबाहेर बघत 'पॅशन' या विषयावर दोन वाक्यं बोलता. डोळ्यांत पाणी आलं. भाच्यानं आपली सायकल घेतली असल्यामुळे घरात ते आधीच आलेलं होतं.

नावाबद्दलही दाद द्यायला हवी. शेवटी 'ओ', मध्ये एक दणदणीत जोडाक्षर आणि लोगोत उगाचच एक तिरपी रेघ. ऐकणाऱ्याला वाटावं, आपले पणजोबा मिलानजवळच्या एखाद्या गल्लीत १८८५ पासून नळ्या तापवत बसले असतील. १८८५ साली मिलानमध्ये खरोखरच एक गृहस्थ सायकली बनवायला बसले होते. त्यांचं नाव एदोआर्दो बियांकी. आपला-त्यांचा काही संबंध नसावा. आपली ओळख विचारली की आपण 'हेरिटेज' म्हणता. कंपनीचं नोंदणीपत्र अजून लॅमिनेशनला गेलेलं नसताना हेरिटेज तयार असणं, ही साधी गोष्ट नाही.

आता आपली सायकल जन्माला कशी येते ते चार लोकांना सांगायला हवं, कारण फिल्ममध्ये नेमकं तेवढंच राहून गेलंय.

कार्बनची फ्रेम साच्यात घडते. राळेत भिजवलेल्या कार्बन-धाग्यांच्या चादरी असतात, त्यांचे ठरावीक आकाराचे तुकडे कापतात. तुकडे शेकड्यांनी असतात. कुठला तुकडा कुठे, धागा कोणत्या दिशेला, कुठे दोन थर आणि कुठे पाच, हे सगळं ठरलेलं असतं आणि ते हातानं रचावं लागतं. मग पोलादी साचा बंद करायचा, आत फुगा फुगवायचा, बाहेरून उष्णता द्यायची. थंड झाल्यावर भाग चिकटवायचे, घासायचे, रंगवायचे. मेख अशी, की प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो. पाच मापांची सायकल काढायची तर पाच साचे. एवढा पैसा नव्या कंपनीकडे कुठला?

म्हणून तैवान आणि चीनमधले कारखाने स्वतःच काही साचे बनवून ठेवतात आणि त्यातून निघालेली फ्रेम, मागेल त्याला विकतात. धंद्यात याला 'ओपन मोल्ड' म्हणतात. कारखान्याच्या कॅटलॉगमध्ये या फ्रेमला नाव नसतं. दोन अक्षरं आणि तीन आकडे असा काहीतरी कोड असतो, एवढंच. आपण कोड निवडायचा, रंगाचा नंबर कळवायचा, लोगोची फाइल मेल करायची, किमान ऑर्डरचे पैसे भरायचे. काही आठवड्यांनी कंटेनर न्हावाशेव्याला उतरतो. इकडे एमआयडीसीतल्या गाळ्यात चाकं, गिअर, हँडल जोडलं की झालं 'सह्याद्रीच्या कुशीत जन्मलेलं' यंत्र तयार. २०२३च्या अर्थसंकल्पात सरकारनं आयात सायकलींवरचं सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के केलं, ते देशातल्या उत्पादनाला आधार मिळावा म्हणून. आपण तो आधार लगेच घेतलात आणि चार बोल्ट आवळून राष्ट्रकार्यात सामील झालात.

रागावू नका. दुसऱ्याकडून फ्रेम बनवून घेणं हा गुन्हा आहे, असं मी अजिबात म्हणत नाहीये. तैवान-चीनचं नाव निघालं की नाक मुरडणारे जे लोक आहेत, त्यांच्या पंगतीलाही मी बसणार नाही. जगातल्या उत्तमातल्या उत्तम सायकली तैवानमध्ये घडतात. ताइचुंगच्या दाजिया भागात जायंट आहे, शेजारच्या चांगहुआ परगण्यात मेरिडा आहे. दोघांची स्थापना १९७२ची. अमेरिकेतल्या स्पेशलाइज्डमध्ये मेरिडाची मोठी भागीदारी आहे आणि त्यांच्या सायकलीही ती बनवते. जायंटनं तर किती परक्या नावांच्या सायकली घडवल्यात याची गणती नाही. युरोपातल्या भल्याभल्या नामांकितांच्या कार्बन फ्रेम तिकडूनच येतात. तिथल्या कामगाराच्या हातात जे कसब आहे, ते आपल्या संपूर्ण मार्केटिंग टीमच्या हातात मिळून नसेल. म्हणून तर त्याला फिल्ममध्ये घ्यायला हवं होतं. दाढीची अट थोडी शिथिल करावी लागली असती, इतकंच.

आणि उसन्या नावाचं म्हणाल, तर आमच्या लोकांना त्याचं कधीच वावडं नव्हतं. आमच्या आजोबांच्या पिढीनं आयुष्यभर परक्या नावांच्या सायकली चालवल्या. हर्क्युलिस, फिलिप्स आणि बीएसए ही सगळी बर्मिंगहॅमकडची नावं. बीएसए म्हणजे तर बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, चक्क बंदुका बनवणारी कंपनी. अहिंसेवर व्याख्यान द्यायला निघालेले किती मास्तर बंदूक कंपनीच्या सायकलवर टांग टाकून गेले असतील! पण ती नावं इथे आली तेव्हा त्यांच्या मागोमाग कारखाना आला. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स उभी राहिली. रॅलेच्या नावाच्या सायकली आसनसोलला बनू लागल्या. नाव परकं होतं, पण नळी कुठे वाकवली, ब्रेझिंग कुणी केलं, बिघडलं तर कुणाला पत्र टाकायचं, हे सगळं ठाऊक होतं. तो चिमटा, तो बीबीचा कप, ती कॉटर पिन कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायची. आपल्या सायकलीचा सुटा भाग मात्र खुद्द आपल्याकडेच मिळत नाही. त्याकडे पुढे येतोच.

विकतच्या पुरणपोळ्या आणून पाहुण्यांना वाढणं हा काही गुन्हा नाही. पण 'आमच्या आजीनं पहाटे उठून पुरण वाटलंय' असं सांगून वर त्या आजीच्या कष्टाचे पैसे मागायचे, आणि तब्येत बिघडली तर 'कोण आजी?' असं विचारायचं, याला काय म्हणावं, हे आपणच सुचवा. आपलं शब्दभांडार मोठं आहे.

स्टिकरचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगतो. २५ ऑक्टोबर १९७२, मेक्सिको सिटी. बेल्जियमच्या एडी मर्क्सनं एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल हाणली आणि तासाचा विश्वविक्रम केला. सायकलवर नाव होतं 'विंडसर', मेक्सिकोतल्या एका कंपनीचं. प्रत्यक्षात ती सायकल घडवली होती इटलीतल्या कांबियागो गावच्या एर्नेस्तो कोल्नागोंनी. वजन कमी करण्यासाठी त्यांनी साखळीच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडली होती. अख्खी सायकल सहा किलोच्या आत बसवली होती. विंडसरनं पैसे दिले, विंडसरचं स्टिकर लागलं. त्या काळी हे सर्रास चालायचं. मोठ्या शर्यतीतले सायकलपटू स्वतःच्या भरवशाच्या कारागिराकडून फ्रेम करून घ्यायचे आणि वर टीमच्या प्रायोजकाचं नाव रंगवायचे.

म्हणजे स्टिकर खोटं असू शकतं, हा शोध काही आपला नाही. फरक फार बारीक आहे, म्हणून नीट सांगतो. मर्क्सच्या सायकलवर नाव खोटं होतं, पण त्या नावाखाली एक खरा कारागीर होता. त्यानं मर्क्सची मापं घेतली होती, नळ्या निवडल्या होत्या, आणि फ्रेम तुटली असती तर त्याचीच झोप उडाली असती. आपल्या सायकलवर नाव खरं आहे, रीतसर ट्रेडमार्क घेतलेलं आहे. त्या नावाखाली मात्र कुणीही नाही. स्टिकर खरवडलं तर खाली रंग लागतो, रंग खरवडला तर कार्बन लागतो. 'आमची फ्रेम' म्हणताना त्यातलं 'आमची' काही केल्या लागत नाही.

आता आपल्या माहितीपत्रकाकडे येतो. ते मी चवीचवीनं वाचलंय.

पहिल्या पानावर 'एरोस्पेस ग्रेड ॲल्युमिनियम'. हे आपल्या स्वस्त मॉडेलसाठी आहे. बारीक अक्षरांत पुढे '६०६१' लिहिलंय. ही मिश्रधातू १९३५ सालची. विमानात वापरतात हे खरं, तशीच ती बोटीत वापरतात, शिडीत वापरतात आणि जगभरच्या साध्यासुध्या सायकलींत तर वापरतातच. चांगली धातू आहे, कुणाची तक्रार नाही. पण तिचा विमानाशी असलेला संबंध आपण असा मिरवता, जणू हिंजवडीच्या सिग्नलवरून आपली सायकल उड्डाण घेणार आहे.

दुसऱ्या पानावर 'रेस-रेडी'. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, २०११ पासून शर्यतीत वापरायच्या नव्या फ्रेमना मान्यता बंधनकारक केली; मान्यता मिळाली की फ्रेमवर एक छोटंसं लेबल लागतं. आपल्या फ्रेमवर मी ते पुष्कळ शोधलं. चार ठिकाणी आपला लोगो आहे, दांडीवर एक इंग्रजी सुविचार आहे, मागच्या चिमट्याच्या आत, जिथे फक्त चिखल वाचू शकेल अशा जागी, घाटाचे अक्षांश-रेखांश आहेत. एवढी स्टिकरं लावलीत, त्यात ते एक नेमकं राहिलं.

तिसऱ्या पानावर आपलं खास रत्न: 'भारतीय शरीरयष्टीसाठी वर्षानुवर्षांच्या संशोधनातून विकसित केलेली भूमिती'. खाली तक्ता. स्टॅक अमुक, रीच तमुक, चेनस्टे इतकी, हेड अँगल तितका. भाचा इंजिनिअर आहे आणि त्याला रिकामा वेळ फार. त्यानं तो तक्ता कारखान्याच्या कॅटलॉगशेजारी ठेवला. सगळी मापं मिलिमीटर न् मिलिमीटर जुळली, प्रत्येक कोन जुळला. कॅटलॉगमधल्या एका आकड्यात छपाईची उघड चूक होती, मधल्याच मापाची दांडी सर्वांत मोठ्या मापापेक्षा लांब झाली होती. तीही आपल्या तक्त्यात जशीच्या तशी आहे. भारतीय शरीरयष्टीचा इतका सूक्ष्म अभ्यास याआधी झाला नसेल. तीच भूमिती त्याच कोडखाली पोलंडमध्ये पोलिश शरीरयष्टीला आणि ब्राझीलमध्ये ब्राझिलियन शरीरयष्टीला तंतोतंत बसत असेल, यात मला शंका नाही. वसुधैव कुटुंबकम् म्हणतात ते हेच.

पण माहितीपत्रक खोटं बोललं तर सायकल चालायची थांबत नाही. ती थांबते हँगर मोडल्यावर.

वाचकांसाठी: मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी ती मागची यंत्रणा, फ्रेमला थेट जोडलेली नसते. मध्ये ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दाम नरम ठेवतात. सायकल उजव्या अंगावर पडली तर हँगर वाकावा किंवा मोडावा आणि फ्रेम वाचावी, अशी ती योजना. म्हणजे हा तुकडा मोडण्यासाठीच जन्माला आलेला असतो आणि ज्यानं सायकल विकली त्याच्याकडे तो असायलाच हवा. गंमत अशी की या तुकड्याचे आकार शेकडो आहेत. भोकांमधलं अंतर, जाडी, कडेचा उतार, सगळं फ्रेमगणिक वेगळं. हा गोंधळ मिटावा म्हणून स्रॅम कंपनीनं २०१९ मध्ये सगळ्यांना चालेल असा एक सामाईक हँगर आणला, पण आपल्या कोडच्या फ्रेमपर्यंत ती सुधारणा पोचलेली नाही.

भाच्याची सायकल पडली तीही घाटात, वळणावर, फिल्ममध्ये शोभेल अशी नाही. मिसळीच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती, कुणाच्या तरी स्कूटरचा धक्का लागला आणि आडवी झाली. हँगर वाकला, पुढच्या चढाला गिअर टाकला तसा डिरेलर चाकाच्या आऱ्यांत गेला आणि तुकडा पडला. आपल्या कस्टमर केअरला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. हँगर म्हणजे काय, हे तिला आम्ही सांगितलं. मग तिनं 'टिकट रेज' केलं. फोटो मागवले, पाठवले. बिल मागवलं, पाठवलं. पुन्हा फोटो मागवले. मग उत्तर आलं, की 'आमची आर अँड डी टीम सोर्सिंगचं काम बघत आहे'. मोडलेल्या हँगरवर संशोधन सुरू झालं म्हटल्यावर आम्ही समजून गेलो, की तो काही या हंगामात यायचा नाही.

शेवटी पेठेतल्या सायकलवाल्याकडे गेलो. दुकान एवढंसं, बाहेर हवेचा पंप, आत तीन पिढ्यांचं ग्रीस. त्यानं तुकडा हातात घेतला, बोटानं कड चाचपली, व्हर्नियर लावून भोकांमधलं अंतर घेतलं आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उघडला. तारेत ओवलेले पन्नास-साठ हँगर. सातआठ लावून बघितले, एक टचकन बसला. पाकिटावर भलत्याच ब्रँडचं नाव होतं. भाचा म्हणाला, "अहो, पण हा दुसऱ्या कंपनीचा आहे." तो म्हणाला, "दादा, हा ह्यांना बसतो, त्यांनाही बसतो, आणि त्या नव्या लाल सायकली आल्यात ना, त्यांनाही बसतो. फ्रेम एकच, बारसं तेवढं वेगवेगळं." पैसे काही शेकड्यांत झाले. दीड लाखाहून जास्त मोजून जी माहिती आपल्याकडून मिळाली नव्हती, ती पाकिटासकट मिळाली.

साहेब, आपल्या आर अँड डी विभागानं जमलं तर तो डबा बघून यावा. प्रवेश विनामूल्य आहे.

आता आपला बचाव. तो मला पाठ आहे, कारण आपण तो प्रत्येक पॉडकास्टवर म्हणता. 'सगळेच करतात.' 'ब्रँड उभा करणं हेही कामच आहे.' 'ग्राहकाला गोष्ट हवी असते.' आणि सगळ्यात वजनदार: 'साचा एक असला तरी फ्रेम एकच असते असं नाही.'

हे शेवटचं अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच मी इतका वेळ खर्ची घालून लिहितोय. साच्यातून फक्त बाहेरचा आकार मिळतो. ताकद असते ती आतल्या थरांत: कोणत्या दर्जाचा धागा, कुठल्या दिशेनं, किती थर. त्याच साच्यात एकजण मन लावून भक्कम फ्रेम करून घेऊ शकतो आणि दुसरा चार तुकडे वाचवून स्वस्तातली. दोन्ही बाहेरून जुळ्या बहिणी. ग्राहकाला हा फरक दिसत नाही, दिसूच शकत नाही. तो बघणं हेच तर ब्रँडचं काम. थरांची रचना आपण ठरवली का? प्रत्येक खेपेतल्या दोनचार फ्रेम बाजूला काढून तपासल्या का? आयएसओ ४२१० नावाचं सायकल-सुरक्षेचं मानक आहे. त्यात पेडल मारण्याचा जोर फ्रेमवर एक लाख वेळा देऊन बघतात, फ्रेम आणि चिमट्यावर २२.५ किलोचं वजन पाडून बघतात. त्या चाचणीचा कागद आपल्याकडे आहे का? असला, तर तो ड्रोनपेक्षा भारी जाहिरात आहे, छापा की! आणि नसला, तर 'साचा एक असला तरी फ्रेम वेगळी' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. वेगळी असेल, पण चांगल्या बाजूनं वेगळी की वाईट, हे आपल्यालाच ठाऊक नाही.

जो ब्रँड हे सगळं करतो, त्यानं साचा उसना घेतला तरी मी त्याला सलाम करीन. तो तपासणी विकतो, सुटे भाग ठेवतो, फोन उचलतो आणि त्याचे पैसे घेतो. ते पैसे हक्काचे आहेत. आपण गोष्ट विकता. गोष्टीलाही पैसे द्यायला आमची हरकत नसते, आम्ही नाटकाचं तिकीट काढतोच. पण नाटक संपल्यावर त्या पडद्यावरच्या पुलावरून पलटणभर माणसं नेत नाही. इथे लोक आपली गोष्ट दोन चाकांवर घेऊन कात्रजच्या उतारावर पन्नासच्या वेगानं सुटतात.

'सगळेच करतात' म्हणणाऱ्यांसाठी एक जुना दाखला आहे. शिकागोची श्विन. १८९५ साली सुरू झालेली, अमेरिकेतल्या पिढ्यान् पिढ्यांच्या बालपणीची सायकल. १९८० साली तिच्या शिकागोच्या कारखान्यात संप झाला, आणि कंपनीनं काम मोठ्या प्रमाणावर तैवानच्या जायंटकडे वळवलं. पुढे १९८३ मध्ये शिकागोतलं उत्पादनच बंद झालं. घडवायचं जायंटनं, नाव श्विनचं. व्यवस्थापनाला वाटलं, कटकट गेली, नाव आपल्याकडे आहे ना, मग झालं. इकडे जायंटनं घडवता घडवता सगळं शिकून घेतलं आणि १९८१ पासून स्वतःच्या नावानंही सायकली काढायला लागली. १९९२ मध्ये श्विननं दिवाळखोरी जाहीर केली, २००१ मध्ये पुन्हा दिवाळं निघालं, नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं आणि ते जाऊन बसलं मोठ्या स्टोअरच्या रांगांत, खेळण्यांच्या शेजारी. ज्याला त्या वेळी कुणी नावानं ओळखत नव्हतं, तो जायंट आज जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल उत्पादकांत गणला जातो.

आणि लक्षात घ्या, श्विनला निदान सायकल बनवता येत होती. ती विसरत गेली. आपल्याला विसरायलाही काही नाही. ज्या दिवशी त्या कोडनंबरचा कारखाना स्वतःच्या नावानं थेट पुण्याच्या पत्त्यावर फ्रेम पाठवू लागेल, आणि काही कारखाने तसं करतातच, त्या दिवशी आपल्याकडे उरणार काय? दाढी, ड्रोन आणि अक्षांश-रेखांश.

असो. पत्र नुसत्या टीकेवर संपवणं बरं दिसत नाही. आपल्यासाठी एक आनंदाची बातमी ठेवली आहे.

आपली मनापासूनची इच्छा काय, तर जगानं आपल्याला सायकलींचा निर्माता म्हणावं. लोक कुजबुजतात, मंडळी टोमणे मारतात, पेठेतला सायकलवाला तर तोंडावर बोलतो. पण भारत सरकारनं आपली ही इच्छा केव्हाच पूर्ण केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू २० जुलै २०२० पासून. त्याच्या कलम २(३६)मध्ये 'उत्पादक' कोणाला म्हणायचं ते दिलंय. जो वस्तू बनवतो तो उत्पादक, हे तर उघडच आहे. पण पुढे असंही म्हटलंय, की दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःची खूण लावतो किंवा लावून घेतो, तोही उत्पादक. अभिनंदन! ज्या क्षणी आपलं स्टिकर त्या फ्रेमवर चिकटलं, त्या क्षणी आपण कायद्यानं तिचे जन्मदाते झालात. वेल्डिंगची ठिणगी न उडवता.

या पदवीबरोबर काही किरकोळ जबाबदाऱ्या येतात. त्याच कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे, घडणीत दोष असला तर उत्पादक जबाबदार, रचनेत दोष असला तर उत्पादक जबाबदार, जाहीर हमीप्रमाणे वस्तू नसली तर उत्पादक जबाबदार. 'ते कारखान्याला विचारा' हे उत्तर इथे चालत नाही; कारखाना म्हणजे आपणच. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. 'वर्षानुवर्षांच्या संशोधनातून' या दोन शब्दांची किंमत बाजारात याहून चांगली येईल असं वाटत नाही.

तेव्हा, उत्पादक महोदय, माझ्या मागण्या अगदी माफक आहेत. फ्रेम कुठल्या कारखान्यात घडली ते लिहा. लाज वाटण्यासारखा तो कारखाना नसेल, आणि असेल तर तिथून फ्रेम घेऊ नका. चाचणीचा कागद दाखवा. प्रत्येक सायकलीबरोबर एक जादा हँगर पिशवीत टाकून द्या, त्याला आपल्या एका इन्फ्लुएन्सरच्या जोड्यांइतकाही खर्च येणार नाही. एवढं केलंत तर आपला लोगो चारऐवजी आठ ठिकाणी लावा, कुणी हूं की चूं करणार नाही.

नाही केलंत, तरी आता आमची कसली अडचण नाही. वकिलाच्या नोटिशीवर 'उत्पादक' या रकान्यात कुणाचं नाव घालायचं, हे आम्हाला समजलं आहे. पत्ताही बिलावर आहे. तेवढा एक भाग आपल्याकडे अस्सल निघाला.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढू नये ही विनंती.

आपला,
एक ग्राहकाचा मामा

ता. क. – आपल्या आर अँड डी विभागाचा आज मेल आला. 'हँगर सोर्स झाला असून उत्पादनात आहे' असं कळवलंय. सोबत फोटो जोडलाय. भाच्यानं तो मोठा करून बघितला. मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसतो आहे.